सॅटिस पुलाखालचा माणूस मनोरुग्ण आहे की आजारी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ठाणे स्टेशनबाहेर सॅटिस पुलाखाली राहणारा एक माणूस एरवी शांत असायचा आणि चार दिवसांपासून हातवारे करत असंबद्ध बडबडतोय. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा तपशील हाच, चार दिवस. स्किझोफ्रेनिया बहुधा महिनोन्महिने वाढत जातो. माणूस चार दिवसांत पालटला असेल तर कारण आधी शरीरात शोधायचं: रक्तातली साखर, ताप, डोक्याला मार, अचानक बंद झालेली दारू. एकदा 'वेडा' म्हटलं की त्याचा ताप कुणी मोजत नाही आणि साध्या न्यूमोनियाने जीव जातो. म्हणून घाईने शिक्का मारू नका.

जवळ जाताना समोरून जा, दोन हात लांब खाली बसा, स्वतःचं नाव सांगा, चहा-पाणी विचारा. त्याच्या गाठोड्याला हात लावू नका. तो काय बोलतोय ते नीट ऐका. तेलुगू किंवा ओडिया बोलणाऱ्याचं बोलणं आपल्याला नुसतं कळत नसतं, ते असंबद्ध असेलच असं नाही. उन्हाळ्यात तीन शर्ट घालणं, रात्री जागं राहणं हीही आजाराची खूण नव्हे. कपडे चोरीला जातात, झोपेत मार बसतो.

मग विचारा: ही जागा कोणती? सकाळ आहे की संध्याकाळ? रविवारपासून उलटे वार म्हणता येतील का? लक्ष टिकत नसेल, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असेल, हवेत काही वेचत असेल, अंगावर किडे दिसत असतील, तर बहुतेक तो मेंदूवर झालेला शारीरिक आजाराचा परिणाम असतो आणि ती इमर्जन्सी आहे. मानसिक आजारात माणसाला आवाज ऐकू येतात, संशय असतो, पण आपण कुठे आहोत हे सहसा ठाऊक असतं.

सोबत नर्स किंवा आरोग्यसेवक असेल तर त्या माणसाची परवानगी घेऊन नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन आणि साखर बघून घ्या. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर, गिळू शकणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. दारू सुटल्यावर काही तासांतच थरथर, घाम सुरू होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत भास होऊ शकतात. डॉक्टरांना दारूचं आवर्जून सांगा, कारण अशा रुग्णाला बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. जटांखाली जखम लपते. पडल्यानंतर काही आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साचून माणूस बदलू शकतो. पायांच्या बोटांमध्ये बघा, अळ्या तिथेही सापडतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर टीबीसाठी थुंकीची तपासणी हवीच. पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करा. आठवडाभर उपाशी असेल तर एकदम पोटभर जेवण देऊ नका, क्षारांचं प्रमाण बिघडून हृदय बंद पडू शकतं.

यातलं काही धोक्याचं दिसलं तर १०८ बोलवा. तो मानसिक आजारी वाटत असेल आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर पोलिसांना कळवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार पोलिसांनी अशा व्यक्तीला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. घोळ पुढे होतो: कॅज्युअल्टीत कपडे आणि वास बघून साखर न तपासताच थेट मनोरुग्णालयाची चिठ्ठी लिहिली जाते. तुम्ही सोबत जा, बदल कधीपासून आहे ते कागदावर लिहून द्या आणि साखर, सोडियम, किडनी, छातीचा एक्स-रे, डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन झाला का, हे शांतपणे पण ठामपणे विचारा. स्त्री असेल तर सोबत बाई हवी आणि गर्भधारणेची चाचणीही.

शरीराचं कारण सापडलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ. सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि त्याच कलमानुसार पोलिसांनी बेपत्ता व्यक्तीची नोंद करून नातेवाईक शोधायचे असतात, त्यामुळे तो गावाचं, शाळेचं, नदीचं जे नाव घेईल ते जसं उच्चारलं तसं लिहून पोलीस ठाण्यात द्या.