अल्टोचा टायमिंग बेल्ट घरी बदलता येईल का?

आपली मारुती अल्टो 2008 सालची, 796 सीसी इंजिनाची आहे, टायमिंग बेल्ट (पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी पट्टा) आजवर बदललेला नाही, आणि घरी पाने व जॅक असताना हे काम स्वतः करावे का, असे आपण विचारले आहे. जरूर करावे, असे माझे मत आहे. अट एकच, की बेल्ट चढवल्यानंतर या दोन शाफ्टच्या पुल्यांवरील खुणा इंजिनावरील खुणांशी जुळल्याची पूर्ण खात्री होईपर्यंत इंजिन केवळ पान्याने, हाताने फिरवावे आणि किल्लीला हात लावू नये. या कामात ताकदीपेक्षा या तपासणीला महत्त्व आहे, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

आपल्या इंजिनात बेल्ट आहे, हे आपण बरोबर ओळखले आहे. हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनी मात्र नुसत्या ‘अल्टो’ या नावावर जाऊ नये, कारण अल्टो के10 मधील इंजिनात बेल्टऐवजी चेन असते, तशीच ती स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेल इंजिनातही असते. डस्टरच्या 1.5 लिटर डिझेलमध्ये बेल्ट आहे, पण त्याच बेल्टवर डिझेलचा उच्च दाबाचा पंपही चालतो आणि पुल्या जागेवर धरून ठेवण्यासाठी खास पिना लागतात, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी ते इंजिन मी सुचवणार नाही.

बेल्टचे आयुष्य किलोमीटरवर ठरते तसेच वर्षांवरही ठरते. गाडी कमी चालली असली तरी उष्णतेने रबर कडक होत जाते, आणि आपल्या गाडीचे वय पाहता किलोमीटर किती झाले याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर कॅमशाफ्ट थांबतो, पण पिस्टन वर येतच राहतात, आणि ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह व पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात तेथे व्हॉल्व्ह वाकून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याची वेळ येते. आपले इंजिन त्या प्रकारचे आहे की नाही या वादात न पडता ते तसेच आहे असे धरूनच काम करावे.

सामानात बेल्टबरोबर नवा टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) घ्यावा. जुन्या टेन्शनरचे बेअरिंग घासले असेल तर नवा बेल्टही त्याच्यामुळे खराब होतो, आणि पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. कव्हर काढल्यावर कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टच्या ऑइल सीलभोवती (तेल अडवणाऱ्या कड्यांभोवती) बोट फिरवून पाहावे. तेलाचा ओलावा लागला तर सील त्याच वेळी बदलावेत, कारण तेल लागलेला बेल्ट टिकत नाही. नवा बेल्ट दुमडू नये, पिळू नये आणि तेलकट हाताने धरू नये.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची ऋण तार काढावी, गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर घ्यावी आणि स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. क्रँक पुलीचा मधला बोल्ट सोडवण्यासाठी पाना अडकवून स्टार्टर मारण्याची एक पद्धत चालते. ती धोकादायक आहे, तिच्या वाटेला जाऊ नये. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाला पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगावे. हँडब्रेकचा येथे उपयोग नाही, कारण तो मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनाशी जोडलेली चाके पुढची आहेत.

जुना बेल्ट काढण्यापूर्वीच गाडी न्यूट्रलमध्ये आणून, क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून दोन्ही खुणा जुळवाव्यात आणि मोबाइलवर त्यांचा समोरून फोटो घ्यावा. येथे एक गफलत वारंवार होते: बाहेरच्या क्रँक पुलीवरील खाच ही इग्निशनच्या टायमिंगसाठी असते, बेल्टसाठी पाहायची खूण मात्र आतल्या दातेरी पुलीवर असते. कॅमच्या पुलीवर एकापेक्षा जास्त खुणा दिसल्या तर आपल्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधील आकृतीच प्रमाण मानावी. बेल्ट निघताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅमची पुली थोडी सरकू शकते. ती पान्याने हळूच जागेवर आणावी, पण अडली तर जोर लावू नये.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजू ताठ राहिली पाहिजे आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे आला पाहिजे. टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला तिचे काम करू द्यावे. स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट आणखी ताणू नये.

यानंतर क्रँक त्याच दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोनच का, तर कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात आणि क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो; एकाच फेऱ्यानंतर क्रँकची खूण जागेवर येते, पण कॅमची खूण बरोबर उलट बाजूला असते. फिरवताना कोठेही कडक अडथळा लागला तर तेथेच थांबावे, कारण तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा इशारा असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा सुरुवातीच्या फोटोप्रमाणे जुळल्या पाहिजेत. एका दात्याचा फरकही चालवून घेऊ नये, बेल्ट काढून पुन्हा बसवावा. खुणा जुळल्यावर टेन्शनर टॉर्क पान्याने (किती जोराने कसले ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधील मापाप्रमाणे कसावा, आणखी दोन फेरे देऊन तीच तपासणी पुन्हा करावी आणि मगच कव्हर लावावे.

सगळे जोडून इंजिन सुरू केल्यावर वेगाबरोबर चढणारा गुणगुणल्यासारखा बारीक आवाज आला तर बेल्ट बहुधा जास्त ताणला गेला आहे, आणि कव्हरवर काही आपटल्यासारखे वाटले तर तो सैल आहे. दोन्ही वेळी लगेच इंजिन बंद करून कव्हर उघडावे. आवाज स्वच्छ असेल तर बॉनेटखाली एका चिठ्ठीवर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, पुढे गाडी विकली तरी घेणाऱ्याला ती उपयोगी पडेल.