‘मलाच विज्ञान येत नाही, मुलांना काय शिकवणार?’

मुलगा सहावीत, मुलगी साडेचार वर्षांची. माझ्याकडे आलेल्या आईची तक्रार दोघांबद्दल होती आणि दोन टोकांची होती. मुलगा विज्ञानाबद्दल काही विचारतच नाही आणि मुलगी विचारायची थांबत नाही. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ होता तोवर मुलाचं बरं चाललं होतं. सहावीत ‘सामान्य विज्ञान’ आलं आणि पहिल्या घटक चाचणीत २०पैकी ९ गुण पडले. आईने कंबर कसली. प्रश्नोत्तरं लिहून काढली, रोज संध्याकाळी पाठ करून घेतली, मोबाइलवर प्रयोगांचे व्हिडिओ दाखवले, प्रयोगांची एक तयार पेटीही आणली. दुसऱ्या चाचणीत १० गुण. ‘‘मी कॉमर्सची. दहावीनंतर विज्ञानाला हात लावला नाही. मलाच येत नाही, तर ह्यांना काय शिकवणार? क्लास लावू का?’’

वही पाहिली. उत्तरं काना-मात्रेसकट बरोबर होती. त्यातलंच एक वाक्य तुझ्या शब्दांत सांग म्हटल्यावर मुलगा गप्प. मग आईला बाहेर बसवून त्याच्याशी निवांत बोलणं झालं. सायकलची चेन उतरली की तो स्वतः चढवतो, पतंगाची कन्नी स्वतः बांधतो, कन्नी वरखाली झाली की पतंग का गोता खातो हे हाताने करून दाखवतो. म्हणजे बघणं आणि कारण शोधणं शाबूत होतं. विज्ञानाचा विषय काढला तेव्हा मात्र तो एवढंच म्हणाला, ‘‘मेणबत्तीच्या वेळी मी सांगितलं होतं. आई म्हणाली, तसं नसतं.’’

तो मेणबत्तीचा प्रयोग बहुतेक घरांत होतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि ग्लासात पाणी चढतं. व्हिडिओत सांगितलं होतं की ऑक्सिजन संपला म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली. मुलगा म्हणाला होता, ‘‘पण पाणी तर विझल्यावर चढलं. आणि आधी ग्लासाखालून बुडबुडे आले.’’ आईने सांगितलं, पेपरात तसं लिहू नकोस.

मुलाचं निरीक्षण अचूक होतं आणि व्हिडिओतलं स्पष्टीकरण अपुरं. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. ग्लास ठेवल्यावर तिच्यातली थोडी कडेने बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. ज्योत विझली की आतली हवा निवते, दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेलाही नसतो, आणि जळताना कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होतच असते. ऑक्सिजन थोडा घटतो हे खरं, पण पाणी चढतं ते मुख्यतः हवा निवल्यामुळे. ‘ऑक्सिजन हवेच्या एक पंचमांश, म्हणून पाणीही तेवढंच चढतं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं आणि बोललं गेलंय की त्यासाठी आईला दोष देण्यात अर्थ नाही. मुलाच्या बाबतीत काळजीची गोष्ट वेगळी होती. डोळ्यांना दिसलेलं बाजूला ठेवायचं आणि सांगितलेलं लिहायचं, ही विज्ञानाची रीत आहे असं त्याने मनाशी धरलं होतं.

आईला तीन आठवड्यांसाठी घरचं काम दिलं. क्लास तूर्त नको, तयार पेटी माळ्यावर. आठवड्याला एकच प्रयोग. करण्याआधी घरातल्या प्रत्येकाने काय होईल याचा अंदाज कागदावर लिहायचा, आईनेही. प्रयोग झाल्यावर जे दिसलं ते जसंच्या तसं लिहायचं, अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. कारण सांगायची पहिली पाळी मुलाची.

पहिला प्रयोग मटकीचा, कारण तो त्या घरात एरवीही दर आठवड्याला होतोच. मटकी ८ तास भिजवून चार वाट्यांत १०-१० दाणे घ्यायचे. एक ओल्या फडक्यात गुंडाळून अंधाऱ्या कपाटात, एक तशाच ओल्या फडक्यात खिडकीजवळ उजेडात, पण थेट उन्हात नाही. तिसऱ्या वाटीत दाण्यांवर चार बोटं पाणी, चौथी ओल्या फडक्यासह फ्रीजमध्ये. फडकी दिवसातून दोनदा ओली करायची. हे विसरलं की उजेडातलं फडकं आधी सुकतं, मोड येत नाहीत आणि मुलं ‘उजेडाने मोड मरतात’ असा निष्कर्ष काढतात. तिसऱ्या वाटीतलं पाणी मुद्दाम बदलायचं नाही. दाण्यांनाही श्वास घ्यावा लागतो, पाण्याखाली हवा पुरत नाही, म्हणून तिथे मोड खुरटतात आणि तिसऱ्या दिवशी वास येतो. तेव्हा ती वाटी फेकायची, उसळीत घालायची नाही.

मुलाने लिहिलं होतं, अंधारात मोड येणार नाहीत, झाडाला सूर्यप्रकाश लागतो. हा अंदाज जवळजवळ सगळीच मुलं करतात. आजी वर्षानुवर्षं मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवते हे डोळ्यांसमोर असतं, पण पुस्तकातलं झाड आणि डब्यातली मटकी यांची गाठ पडलेली नसते. कपाटातल्या दाण्यांना झकास मोड आले. मुलगा म्हणाला, ‘‘मग ते खातात काय?’’ बियांच्या दोन डाळिंब्यांत साठवलेलं अन्न हा धडा इथून सुरू होतो. आईने इथेच उत्तर सांगून टाकलं आणि पुढच्या भेटीत तसं कबूलही केलं. ‘‘त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं.’’

ही सवय मोडणं पालकांना सगळ्यात जड जातं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आईला सांगितलं, ताई, प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजा. ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द प्रयोगाच्या वेळी वापरूच नका. ‘तुला हे कशावरून वाटतं?’ एवढंच विचारा.

दुसऱ्या आठवड्यात थंड ग्लास. ‘हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होते’, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होतं, हे वाक्य मुलाला पाठ होतं आणि तरी बर्फाच्या ग्लासाबाहेरचं पाणी आतून झिरपतं असंच तो मानत होता. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदतात. स्टीलच्या ग्लासात पाणी, चार-पाच बर्फाचे खडे आणि दोन चमचे कोकमाचं आगळ घालायचं. ग्लास बाहेरून कोरडा पुसून वर झाकणी ठेवायची आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन लिहून ठेवायचं. वीस मिनिटांनी बाहेरचे थेंब स्वच्छ असतात, लाल नसतात. बोटाने चाखले तर आंबट लागत नाहीत. वजन मात्र थोडं वाढलेलं असतं. आतून झिरपलं असतं तर वजन तेवढंच राहिलं असतं, हा मुद्दा मुलाने स्वतः मांडला. वाढ थोड्याच ग्रॅमची असते, म्हणून १ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटाच हवा. हा प्रयोग पावसाळ्यात किंवा कोकणात झटपट होतो. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी थेंब फारसे धरत नाहीत, आणि ‘का धरले नाहीत’ हाही चांगलाच प्रश्न आहे.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मेणबत्ती, या वेळी नीट. पसरट थाळीत एक सेंटिमीटर पाणी, रंगासाठी शाईचे थेंब. वाढदिवसाच्या छोट्या मेणबत्त्या त्यांच्याच मेणाने थाळीला चिकटवायच्या. ग्लासाची कड थाळीला घट्ट बसली तर पाणी आत शिरत नाही, म्हणून कडेखाली दोन नाणी ठेवायची. ग्लास काचेचा आणि उंच, पेटवायचं काम मोठ्यांचं, ओढणी बाजूला, केस बांधलेले. आधी एक मेणबत्ती, मग त्याच ग्लासाखाली तीन. ग्लासावर पेनाने दोन्ही वेळच्या पातळीच्या खुणा करायच्या. ग्लास दोन्ही वेळा तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच, मग तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त का चढलं? मुलाने खुणा दाखवून आईला म्हटलं, ‘‘बघ, मी सांगत होतो.’’ आईने पाच आकडे मोजले आणि म्हणाली, ‘‘तुझं बरोबर होतं.’’ ‘बरोबर’ न म्हणण्याचा नियम इथे मोडला ते योग्यच झालं. ते वाक्य त्याला कधीचं देणं होतं.

धाकटीचं दुखणं वेगळं, खरं तर दुखणंच नाही. साडेचार वर्षांच्या मुलीच्या ‘का’ला दर वेळी कारण हवं असतं असं नाही. पुष्कळदा तिला त्या गोष्टीशी आणखी थोडा वेळ खेळायचं असतं. तिच्यासाठी टबात पाणी, खाली जुनं बेडशीट, आणि बुडतं-तरंगतं. बटाटा, बूच, चमचा, संत्रं, वाळकं पान. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बहुधा बुडतं. फोडींच्या मधल्या पोकळीत हवा अडकली तर सोललेलंही तरंगत राहतं, तेव्हा फोडी सुट्या करून टाकायच्या. ॲल्युमिनियमच्या फॉइलची होडी तरंगते, चुरगळून केलेला गोळा बुडेल असं आपण मुलांना सांगतो आणि तो हमखास तरंगतो, कारण घड्यांत हवा असते. गोळा बत्त्याने ठेचून चपटा केला तरच बुडतो. ‘घनता’ हा शब्द या वयात नको. उभट ग्लासात ओतलेलं पाणी वाढलं असं ती ठामपणे म्हणेल. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं असंच म्हणतात आणि त्यावर वाद घालून काही साधत नाही, पुन्हा पुन्हा ओतू द्यावं. दुरुस्ती एकाच बाबतीत करायची: नाकात-कानात बी किंवा मणी जायला नकोत, आणि पाण्याचा टब सोडून आपण उठायचं नाही, फोन वाजला तरीही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केलं तेव्हा बालवाडीचं साहित्य शिंपले, बिया, खडे, पानं असंच आजूबाजूचं होतं. बालवयातल्या विज्ञानाला आजही तेवढं पुरतं.

गुणांचं काय, हा आईचा शेवटचा प्रश्न होता आणि तो टाळण्यासारखा नाही. पाठांतर सोडायचं नाही, त्याचा क्रम बदलायचा. आधी प्रयोग किंवा निरीक्षण, मग मुलाने स्वतःच्या बोलीत दोन वाक्यं लिहायची, आणि मग पुस्तकातली व्याख्या शेजारी ठेवून आपला कुठला शब्द पुस्तकातल्या कुठल्या शब्दाच्या जागी येतो हे रेघ ओढून जोडायचं. ‘थेंब धरले’ आणि ‘सांद्रीभवन’ अशी जोडी एकदा लागली की शब्द लक्षात राहतो. जिथे पुस्तकातलं आणि डोळ्यांना दिसलेलं जुळत नाही, तिथे प्रश्न लिहून बाईंना विचारायचा, आईने निकाल द्यायचा नाही.

आईला न येणाऱ्या प्रश्नांसाठी फ्रीजच्या दारावर एक कागद लावला. घरी करून बघता येतील ते प्रश्न डावीकडे, पुस्तकात शोधायचे ते उजवीकडे. डावीकडचा पहिला प्रश्न मुलाच्या अक्षरात होता: ‘फ्रीजमधली मटकी मेली की झोपली?’ आईने अंदाज लिहिला, मेली. मुलाने लिहिलं, झोपली. ते १० दाणे बाहेर काढून ओल्या फडक्यात कपाटात ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यातल्या सहा दाण्यांना मोड आले, आणि उरलेल्या चारांचं काय झालं हा प्रश्न त्याच कागदावर दुसरा लिहिला गेला.