मुलीला व्हायरॉलॉजीला घालावं का?

ताई, मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे व्हायरॉलॉजीच (म्हणजे व्हायरसचा अभ्यास) करायचं म्हणते, आणि कोरोनापासून लॅबमधून व्हायरस सुटल्याच्या बातम्या वाचून घरात सगळे तिला एमबीए कर म्हणून मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंय. काही होत नाही हो, असं मी म्हणणार नाही, कारण झालेलं आहे. 2004 ला बीजिंगमध्ये एका व्हायरस संस्थेत काम करणाऱ्या पीजीच्या मुलीला सार्स (कोरोनाच्याच घराण्यातल्या व्हायरसचा श्वसनाचा आजार) झाला आणि तिची सेवा करणारी तिची आई त्यात गेली. चौकशीत निघालं काय, तर व्हायरस नीट निष्क्रिय झालाच नव्हता आणि मेलाय असं धरून तो साध्या लॅबमध्ये वापरला गेला.

आपल्या पुण्यात पाषाणला एनआयव्हीची, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेची, बीएसएल-4 लॅब आहे (बीएसएल म्हणजे लॅबच्या सुरक्षेची पातळी, 4 सगळ्यात कडक, सगळ्यात घातक जंतूंसाठी), लोक घाबरतात ते तिला. पण अशा लॅबमध्ये हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवतात म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते, बाहेर जाणारी हवा जंतू अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून जाते, सांडपाणीसुद्धा निर्जंतुक करूनच सोडतात. शिकाऊ पोरांना तिथे कोणी उभं करत नाही, त्यांची बहुतेक कामं कमी धोक्याच्या बीएसएल-2 ला, आणि तिथे गडबड होते ती सुई टोचली पण सरांना कसं सांगू, असल्या संकोचातून.

व्हायरस मुद्दाम जास्त पसरणारा करून बघावा का यावर तर शास्त्रज्ञांचंच जमत नाही, 2014 ला अमेरिकेने अशा कामाचे पैसे थांबवले होते, 2017 ला परत सुरू केले. त्या वादात तिला आत्ताच पडायची गरज नाही. (नातेवाईकांना तर नाहीच नाही!)

मला विचाराल तर एमबीएपेक्षा बायोसेफ्टीकडे, म्हणजे लॅबमधून जंतू बाहेर जाऊ नयेत आणि कोणाला लागण होऊ नये हे बघण्याच्या कामाकडे बघा. धोकादायक जंतू हाताळणाऱ्या संस्थेला बायोसेफ्टी कमिटी ठेवावीच लागते, 1989 पासूनचा नियम आहे, आणि पुण्यात लसवाल्या कंपन्या काय कमी आहेत का, त्यांनाही यातली माणसं लागतात. घरच्यांना लॅबच्या सुरक्षेची काळजी वाटते ना, मग हेच तिचं काम होऊ शकतं.

सुट्टीत एखाद्या बीएसएल-2 लॅबला इंटर्नशिप करू दे. जाण्याआधी दोन गोष्टी विचारायला सांगा, इथे अपघाताची नोंदवही आहे का आणि मागची नोंद कधीची आहे. वही कोरी दाखवली तर तिथे अपघात होत नाहीत असं नाही, कोणी सांगत नाही असं समजा आणि दुसरी लॅब बघा.