म्हैस सोडली का?

“ताई, धीरासाठी रोज प्रार्थना करते आणि रोज जास्तच चिडते. माझा विश्वासच कच्चा आहे का?”

हा प्रश्न मला बहुतेक वेळा चर्चमधली उपासना सुटल्यावर, दाराशी, दबक्या आवाजात विचारला जातो. या बाई मात्र वेळ घेऊन आल्या होत्या. नगरकडच्या, निवृत्त नर्स. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, विस्मरणाचा आजार. संध्याकाळ झाली की त्यांचं सुरू व्हायचं, “म्हैस सोडली का?” दर दोन मिनिटांनी. म्हैस विकून वीस वर्षं झाली होती. बाई तेच सांगायच्या, आधी नीट, मग दात-ओठ खाऊन. एके दिवशी दाराकडे निघालेल्या सासूबाईंचं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. “त्या रात्री बायबल उघडायला हात धजेना. तीस वर्षं पेशंटचं केलं, कुणावर आवाज चढवला नव्हता.”

“तिथं ड्युटी किती तासांची होती?”

“आठ.”

“आणि मग?”

“मग ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या नर्सच्या हाती पेशंट सोपवून, घरी.” हे बोलून त्या थांबल्या. इथे ओव्हर घ्यायला कुणीच नव्हतं. नवरा दुकानात, दीर पुण्याला, फोनवर सल्ले द्यायला हजर.

वळाची गोष्ट मी सोडून दिली नाही. पुन्हा हात उचलावासा वाटला तर आजींना सुरक्षित बसवून आधी खोलीबाहेर जायचं, शेजारणीला हाक मारायची, हे त्याच दिवशी ठरवलं. गोंधळ गेल्या आठवड्यात अचानक वाढला होता, म्हणून लघवी तपासून घ्यायला सांगितलं. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गाने माणूस एकाएकी बरळू लागतं. बाई कपाळावर हात मारून हसल्या, “वॉर्डात हे मीच डॉक्टरांना सुचवलं असतं.” संसर्ग निघाला, औषधाने थोडा उतारही पडला. आजार अर्थातच राहिला.

मंडळीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, देवाने तुला धीर शिकवायला हे दिलंय. संकटाने धीर निर्माण होतो, हे बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, खरं. पण सुनेला धडा मिळावा म्हणून देव सासूची स्मृती काढून घेतो, असं त्यात कुठे आहे? मला ते पटत नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं.

‘ईयोबाचा धीर’ हाही त्यांच्या मनावरचा धोंडाच होता. ईयोब म्हणजे बायबलातला, सगळं गमावलेला माणूस. याकोबाने आपल्या पत्रात धीरासाठी त्याचं नाव घेतलंय, तेव्हा ईयोब मुकाट सोसत बसला असणार, असं आपण धरून चालतो. आम्ही ईयोबाचा तिसरा अध्याय मोठ्याने वाचला. तिथे तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. मग तेरावं स्तोत्र काढलं, पहिल्या दोन ओव्यांतच ‘किती वेळ?’ हा सवाल चारदा. बाई म्हणाल्या, “म्हणजे कुरकूर चालते?” देवाकडे चालते, म्हटलं. आजींच्या मनगटावर नाही.

मराठीत धीर नुसता धरत नाहीत, देतातही. धरायचा उरलाच नसेल तर कुणाकडून तरी घ्यावा लागतो. बायबलात अमालेकी या शत्रूंशी लढाईच्या वेळी मोशेने हात वर धरले की इस्राएलची सरशी व्हायची. ते हात जड झाले, तेव्हा आणखी नेटाने प्रार्थना कर, असं त्याला कुणी सुनावलं नाही. त्याच्याखाली बसायला दगड ठेवला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात वर धरले.

आमचा दगड म्हणजे सोमवार आणि गुरुवार, चार ते सात. महिला मंडळातल्या दोघी येऊन बसायच्या. विचारायची लाज बाईंना इतकी वाटली की शेवटी पाळकबाईंना फोन माझ्यासमोर लावावा लागला. दिराने रविवारची दुपार घेतली, कुरकुरत. पहिल्या सोमवारी बाई भाजी आणायच्या निमित्ताने बाहेर पडल्या आणि चर्चमधल्या मागच्या बाकावर बसून झोपी गेल्या. पिशवी रिकामीच परत आली.

म्हशीच्या प्रश्नाचं उत्तरही बदललं. खरं-खोटं करण्यात अर्थ नसतो, त्या घडीला आजींना गोठ्याची काळजी लागलेली असते. “कशी होती हो म्हैस?” विचारलं की त्या धार काढण्याच्या गोष्टीत रमायच्या. रोज नाही.

महिन्याने बाई आल्या तेव्हा एकदा ओरडल्याचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग पर्समधून दोनशे पानी वही काढली. मंडळातल्या बायकांना ओव्हर देण्यासाठी ठेवलेली, वॉर्डातल्यासारखी, लाल पेनाने वेळ टाकलेली. शेवटची नोंद अशी:

‘६.४०. दूध घेतलं. म्हशीचं नऊदा विचारलं. वैरण टाकली म्हणून सांगितलं. झोपल्या.’