सीओपीडी झालेल्या आईला घरातली कामं करू द्यावीत का?

तुम्ही विचारलंय की आई ५७ वर्षांच्या, विडी-सिगारेट कधी नाही, तरी सीओपीडी (श्वासाच्या नळ्या अरुंद होऊन धाप लागण्याचा, कायम राहणारा फुप्फुसांचा आजार) निघाला. धाप लागते म्हणून घरात कुणी त्यांना काही करू देत नाही, हे बरोबर आहे का?

नाही. कृपा करून त्यांना बसवून ठेवू नका.

मी स्वतः याच आजाराची पेशंट आहे. २०१७ साली निदान झालं. ठाण्यात नौपाड्याला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. मीही कधी विडीला हात लावला नाही. पण लग्नाआधीची सगळी वर्षं कोकणात चुलीपुढे गेली. पावसाळ्यात लाकडं ओली, फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. तो धूर फुप्फुसांत राहिला होता हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तुमच्या आईंनाही चुलीबद्दल विचारा आणि डॉक्टरांना सांगा. ‘मलाच का’ हा प्रश्न मनाला फार कुरतडतो, त्याला निदान एक उत्तर तरी मिळतं.

माझ्या घरच्यांनीही प्रेमापोटी तेच केलं. झाडू काढून घेतला, भाजी आणणं बंद, पाणीसुद्धा हातात. सहा महिन्यांत मोरीपर्यंत जाऊन आले तरी धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजार तेवढाच आहे, पाय खचलेत. कमजोर स्नायूंना तेच काम जड जातं, मग श्वास जास्त लागतो. धाप लागली की भीती वाटते, माणूस आणखी बसतो, पाय आणखी खचतात.

या आजारात श्वास आत जात नाही असं वाटतं, पण खरी अडचण सोडण्याची असते. नळ्या अरुंद झालेल्या, जुनी हवा आत अडकून राहते, नवीला जागा उरत नाही. घाबरून भराभर श्वास घेतला की हवा आणखी साठते. म्हणून आईंना आधी श्वास सोडायला शिकवा. नाकानं घ्यायचा, मग ओठांचा चंबू करून हलकेच सोडायचा, समोरच्या निरांजनाची ज्योत हलेल पण विझणार नाही इतका हळू. घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. आणि जोर लागेल तेव्हा श्वास सोडत असायचं: बादली उचलताना, खुर्चीतून उठताना, पायरी चढताना. मी दोन पायऱ्या श्वास सोडत चढते, थांबते, घेते, पुन्हा दोन. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्यासाठी दाराबाहेर स्टूल ठेवलंय. त्या स्टुलावर बसून मी आठ वर्षं या जिन्यानं ये-जा करतेय.

कामं करायचीच, पण बसून. भाजी चिरणं, कणीक मळणं, आंघोळसुद्धा स्टुलावर. आंघोळीचं पाणी कढत नको, वाफेनं मला गुदमरायला होतं. अंग पुसण्यातही दम जातो, म्हणून मी टॉवेलच्या कापडाचा गाऊन चढवते आणि बसून राहते. मिरचीची फोडणी मात्र दुसऱ्यानं द्यावी. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल घरातून कायमची बंद. गणपतीतही आम्ही फक्त समई लावतो. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा, कारण पोट तुडुंब झालं की श्वासाचा पडदा नीट खाली सरकत नाही. वजन उतरायला लागलं तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

तुमच्याकडे घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ आणि ट्रक, त्यामुळे फिरायची वेळ जपून निवडा. थंडीत पहाटेची हवा चांगली असते हा समज सोडा. गारठ्यात धूर-धूळ जमिनीलगत अडकून राहते. मी डिसेंबरात ऊन चांगलं वर आल्यावरच तलावपाळीला जाते. मोबाइलवर ‘समीर’ अॅपमध्ये हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघते. २०० च्या वर असला तर घरातच, खिडक्या लावून, पॅसेजमध्ये फेऱ्या.

थुंकी पिवळी-हिरवी झाली, वाढली, किंवा रोजच्यापेक्षा धाप जास्त वाटली तर दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ निळसर, बोलताना वाक्य तुटणं, अवेळी गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वागणं, यात सरळ १०८ ला फोन. घरी ऑक्सिजन दिला असेल तर त्याचा काटा मनानं वाढवायचा नाही. सीओपीडीत जास्त ऑक्सिजननं रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी.

‘पंपाची (इन्हेलरची) सवय लागते’ असं नातेवाईक सांगतील. ऐकू नका. माझं नुकसान पंपानं नाही, तो चुकीचा घेतल्यानं झालं. दीड वर्ष मी दाबायचे आधी आणि ओढायचे नंतर. औषध जिभेवरच बसायचं. तोंडात पांढरे चट्टे आले तेव्हा कुणीतरी विचारलं, पंप घेऊन दाखवा बघू. मग स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) मिळाला, औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरायची सवय लागली, आणि पंधरा दिवसांत फरक जाणवला. आज संध्याकाळी आई पंप घेतील तेव्हा त्यांचा व्हिडिओ काढा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा.