हायड्रोजन कमी मिळतोय, फोटोकॅटालिस्ट बदलू का?

तुमचा प्रश्न असा : प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढणारा पदार्थ (फोटोकॅटालिस्ट) म्हणून एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी युरिया भाजून कार्बन नायट्राइड केलं, पण हायड्रोजन जेमतेम मिळतो. मग पदार्थच बदलावा का? मीही याच विषयात काम करतो. माझं मत : एवढ्यात बदलू नका.

स्ट्रॉन्शियम टायटनेटचं उदाहरण बघा. पाणी फोडण्यासाठी तो १९८०पासून वापरात आहे, पण कित्येक वर्षं त्याची क्वांटम कार्यक्षमता (पडलेल्या प्रकाशकणांपैकी किती कामी येतात ते प्रमाण) अगदीच मामुली होती. २०२० साली जपानमधल्या काझुनारी दोमेन यांच्या गटाने ती ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत नेली. पदार्थ तोच, बँड गॅपही (इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशात लागणारी किमान ऊर्जा) तोच! त्यांनी गळती बंद केली, म्हणजे प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या मागे उरणाऱ्या रिकाम्या जागा (होल) वाया जाणं थांबवलं. टायटॅनियमच्या काही जागी ॲल्युमिनियम घातल्यावर इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष कमी झाले. स्फटिक असे वाढवले की इलेक्ट्रॉन एका प्रकारच्या पृष्ठांकडे जातात आणि होल दुसऱ्या. मग प्रकाशाच्याच मदतीने सह-उत्प्रेरक, म्हणजे पृष्ठावर क्रिया सोपी करणारे कण, बसवले : इलेक्ट्रॉन येतात तिथे ऱ्होडियम, होल येतात तिथे कोबाल्ट. ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचं पातळ कवच चढवलं, त्यामुळे ऑक्सिजन तिथवर पोचत नाही आणि तयार झालेल्या हायड्रोजनचं पुन्हा पाणी होत नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

अर्थात हा पदार्थ फक्त अतिनील प्रकाश घेतो. त्याच्या १०० चौरस मीटर पॅनेलवर उन्हातल्या एकूण ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्केच हायड्रोजनमध्ये उतरली (२०२१). तुमच्या कार्बन नायट्राइडचा बँड गॅप साधारण २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ते निळ्या प्रकाशापर्यंत पोचतं. म्हणूनच ते टाकून देऊ नका.

आधी प्लॅटिनम बसवलंय का ते सांगा. कार्बन नायट्राइडच्या नुसत्या पिवळ्या पावडरीवर हायड्रोजन जवळजवळ येतच नाही; वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास प्लॅटिनम बसलं की पावडर करडी दिसायला लागते आणि आकडा वाढतो. त्यानंतर स्फटिकता, म्हणजे आतल्या रचनेची सुबकता, सुधारा. पोटॅशियम आणि लिथियम क्लोराइडच्या वितळलेल्या मिश्रणात पुन्हा तापवणं हा चांगला मार्ग आहे.

होल टिपून घेण्यासाठी पाण्यात ट्रायइथेनॉलअमाइन हे रसायन घालत असाल तर खुशाल घाला, पण त्याला पाण्याचं विघटन म्हणू नका. होल तेच खाऊन टाकतं, ऑक्सिजन निघतच नाही. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा.

गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) नायट्रोजनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दर वेळी तपासा. तो वाढत असेल तर सेटअपमध्ये हवा शिरतेय आणि तुमचा वायू बाहेर जातोय. दिवा बंद ठेवून एक आणि पावडर न घालता एक, अशी दोन्ही मोजमापं घ्याच. आणि कृपा करून फक्त 'दर ग्रॅम, दर तास मायक्रोमोल' देऊन थांबू नका : पावडर कमी घेतली की हा आकडा आपोआप फुगतो. ४२० नॅनोमीटरचा बँडपास फिल्टर (फक्त त्याच्या आसपासचा प्रकाश सोडणारी काच) लावून क्वांटम कार्यक्षमता काढा, म्हणजे दुसऱ्या लॅबच्या कामाशी तुलना करता येईल.