वाचकांचे प्रश्न : लिस्बनमध्ये जुन्या मित्राच्या पंगतीला

प्रश्न : शाळेपासूनचा माझा मित्र पोर्तुगीज पासपोर्ट काढून लिस्बनला स्थायिक झाला, त्याला आता बरीच वर्षे झाली. तो जाताना त्यावरूनच आमचे कडाक्याचे भांडण झाले होते. पुढे फोनवर बोलणे सुरू झाले, पण त्या विषयाला दोघांनीही पुन्हा हात घातला नाही. येत्या जूनमध्ये मी सपत्नीक तिकडे जात आहे आणि ‘एक रात्र आपल्या दोघांची, खाऊ-पिऊ, पोटभर बोलू, सगळे माझ्याकडून’ असे त्याने आताच बजावले आहे. मी कधीमधी फेणीचे दोन पेग घेतो, वाईनची सवय नाही. मासळी सगळी चालते. गोमांस आणि डुकराचे मांस मात्र चालत नाही. तिथले खाणे-पिणे, रीतभात आणि बिलाचे काय, याचे मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : सर्वप्रथम, ज्या दिवशी पोहोचाल त्याच रात्री हा बेत ठेवू नका. जूनमध्ये लिस्बनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि तिथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे लोक आठ-साडेआठनंतर निवांत जेवायला बसतात, तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र उलटून गेलेली असते. दोन दिवस जाऊ द्यावेत. तसेच १२ जूनची रात्रही टाळावी. संत आंतोनियोच्या उत्सवाची ती रात्र असते. अल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीच्या चिंचोळ्या गल्ल्यांमध्ये जागोजागी निखाऱ्यांवर सार्डिन मासे भाजले जातात आणि तुळशीच्या कुळातल्या एका बारीक पानांच्या रोपाच्या कुंड्या लोक एकमेकांना भेट देतात. तो सोहळा पत्नीसह अवश्य पाहावा, परंतु तिथल्या गर्दीत आणि गाण्याबजावण्यात आपल्याला मित्राचे एक वाक्य धड ऐकू येणार नाही.

जागा मित्रालाच निवडू द्यावी. मात्र एखाद्या साध्या टास्कामध्ये, म्हणजे आपल्या जुन्या तावेर्नच्या वळणाच्या घरगुती खाणावळीत, एकाच टेबलावर रात्रभर बसायचे आहे, एवढे त्याला आधी सांगून ठेवावे. बायरो आल्तो या वस्तीत या बारमधून त्या बारमध्ये हिंडण्याची पद्धत आहे; पण इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या दोन माणसांना ती सोयीची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज आणून ठेवले जाते. ते खाणावळीकडून फुकट असते असा आपल्याकडच्या पाहुण्यांचा समज होतो, परंतु खाल्ले तर त्याचे पैसे बिलात लागतात. नको असल्यास हात न लावता परत न्यायला सांगावे. त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

मासळी खाणाऱ्या गोंयकाराला तिथे जेवणाची ददात नाही. सुरुवातीला ‘आमेइजुआश आ बुल्याव पातु’ मागवावे. हा तिसऱ्यांचाच प्रकार असतो. ऑलिव्ह तेलात भरपूर लसूण परतून त्यात तिसऱ्या उघडेपर्यंत वाफवतात आणि वरून कोथिंबीर व लिंबू घालतात. ना खोबरे, ना सोले. तरीही तळाशी उरलेला रस पावाने पुसून घेताना हात थांबत नाही. त्यानंतर ‘बाकाल्याव आ ब्राश’ घ्यावे. खारवून सुकवलेला कॉड मासा पाणी बदलत एक-दोन दिवस भिजवून त्याचा खारटपणा काढतात, मग त्याचे तंतू कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंडी यांच्यासोबत कालवतात. खाऱ्या सुंगटांवर वाढलेल्या आपल्या जिभेला तो पहिल्या घासातच ओळखीचा वाटेल. मात्र दोन ठिकाणी जपावे. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप दिसायला शिवराक असले तरी त्यात बहुधा चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती सोडलेली असते; आणि ‘आलेंतेजाना’ नावाच्या पदार्थात तिसऱ्यांबरोबर डुकराचे मांस असते. ‘व्हाका’ म्हणजे गाय, ‘पोर्कु’ म्हणजे डुक्कर, हे दोन शब्द पाठ असावेत.

पिण्याबाबत आपण सावध आहात, हे चांगले आहे. वाईन सौम्य वाटते म्हणून माणूस मोजायचे सोडतो, आणि तिथेच घात होतो. फेणीत मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२ टक्क्यांच्या पुढे असते आणि साध्या वाईनमध्ये सुमारे १२ टक्के. या हिशेबाने ७५० मिलिलिटरच्या बाटलीतील अर्धी वाईन म्हणजे साठ मिलिलिटरचे जवळजवळ पावणेदोन पेग. तीच आपली मर्यादा मानावी. मिन्यो प्रांतातील ‘व्हिन्यु व्हेर्द’ त्याहून हलकी, किंचित फसफसणारी असते आणि मासळीशी उत्तम जमते. पोर्ट वाईन मात्र साधारण २० टक्क्यांची असते आणि जेवणानंतर लहान ग्लासातून घ्यायची असते. गोड लागते म्हणून दुसरा ग्लास मागवू नये.

आता ज्या गोष्टीची आपल्याला खरी धास्ती आहे, ती. ते जुने भांडण चौथ्या ग्लासानंतर उफाळून येईपर्यंत वाट पाहू नका. जेवणापूर्वी तासभर आधी भेटावे, टेकडीवरच्या एखाद्या मिरादोरोवर, म्हणजे शहर आणि तेजो नदी दिसते अशा सज्जावर, ‘बिका’ म्हणजे कडक काळी कॉफी घेत उभे राहावे आणि आपणच विषय काढावा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नागरिकत्वाची नोंदणी करता आली, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे तिथला पासपोर्ट घेताना इथले नागरिकत्व सोडावे लागले. कित्येक गोमंतकीय घरांनी हा हिशेब पोटासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी मांडला आहे. आपल्या मित्राने तो कसा मांडला, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. त्याला जाब विचारू नये. ‘तेव्हा मला फार लागले होते’ एवढे सरळ वाक्य पुरेसे आहे. पोट रिकामे आणि डोके शांत असताना हे बोलून झाले, की जेवणाच्या टेबलावर शाळेतले मास्तर, पावसातला फुटबॉल आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार यांना मोकळी जागा मिळेल.

मित्राने फादो, म्हणजे तिथले विरहाचे गाणे, ऐकायला नेले, तर गायन चालू असताना एक शब्दही बोलू नये, काटा-चमचाही वाजवू नये. तिथे दिवे मंद करतात आणि वाढपीसुद्धा थांबतात. गोव्याच्या गायिका सोनिया शिरसाट यांच्यामुळे आपल्याकडेही फादो अनेकांच्या कानावरून गेलेला आहे, पण अल्फामातल्या लहानशा खोलीत तो ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकणे निराळे. अर्थात त्या रात्री बोलणे होत नाही, म्हणून फादोसाठी वेगळी संध्याकाळ काढलेली बरी.

बिलासाठी झोंबाझोंबी करू नका. त्याने आमंत्रण दिले आहे, त्याचा मान राखावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या कुटुंबाला आपण दुपारच्या जेवणाला बोलवावे. त्या रात्री हात मोकळा सोडायचाच असेल, तर रोसियो चौकाजवळ १८४० पासून चालू असलेल्या छोट्या दुकानात उभ्याउभ्या जिंजिन्या पाजावी. आंबट चेरीचे ते गोड मद्य घोटभरच असते. परतताना मित्राला गाडी चालवू देऊ नये. मेट्रो रात्री एकपर्यंत असते, त्यानंतर टॅक्सी करावी.

प्रश्न : लिस्बनच्या मित्रासाठी घरगुती फेणी आणि गोव्याचा चोरीस नेता येईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चोरीस नेता येणार नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत आणण्यास तिथे बंदी आहे, त्यामुळे पेढेही घरीच ठेवावेत. फेणी नेता येते. २२ टक्क्यांहून कडक मद्य माणशी एक लिटरपर्यंत करमुक्त असते. मात्र ती कारखान्यातून सीलबंद होऊन आलेली, लेबल लावलेली बाटली असावी आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवावी. प्लास्टिकच्या बाटलीत भरलेली भाटीवरची फेणी विमानतळावर अडते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून चांगल्या सीलबंद बाटल्या पणजी-मडगावात सहज मिळतात.